ओळखीची भूक

आजचं वाचन : २ करिंथ १:३-७



आजच्या पाच वचनांत पौल एकच गोष्ट फिरून फिरून सांगतो. वाचताना मी पेन्सिलने ‘सांत्वन’ या शब्दाखाली रेघा मारत गेले, तर पान रेघांनीच भरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्यावर संकट येतं तेव्हा देव आपल्याला धीर देतो, आणि तोच धीर आपण पुढे संकटातल्या दुसऱ्या कुणापर्यंत पोचवायचा असतो.

हे वाचन आलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. आपल्यापैकी बहुतेकांना त्या शाळेच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरत्या माहीत. समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन, पुढचा प्रश्न. मंडळीत वाढलेल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते, की त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. पण त्यांचं आयुष्य सुरुवातीपासून ओळीने वाचलं तर धडकी भरते. एकामागून एक माणसं जातात. मग प्रश्न येतोच, की या सगळ्यात देवाचा हेतू काय होता? हा प्रश्न तुम्ही मला मेसेजमधून बऱ्याचदा विचारता, म्हणून आज मननाऐवजी त्यांची गोष्टच सांगते. थोडी लांब आहे. लोकलमध्ये वाचत असाल तर निवांत वाचा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. ही जागा आज कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी हा गुन्हाच होता, आणि त्यापायी लोकांचा रोष घेऊन शास्त्रीबुवा रानात आश्रम करून राहिले. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तिथून निघालं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो एका माणसाच्या डोक्यावर देऊन डोंगर उतरवला म्हणतात. त्यानंतर त्यांना असं घर राहिलंच नाही. तीर्थक्षेत्री जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक दक्षिणा देतील त्यावर जगायचं आणि त्यातलाच मोठा भाग दानधर्मात द्यायचा. आई पहाटे उठवून मुलीला पाठ द्यायची. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ झाले.

मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

रमाबाईंचं वय तेव्हा सोळा-सतराच्या आसपास. पुराण ऐकायला कोण येणार? घरातल्या कुणालाच दुसरं काही काम येत नव्हतं, आणि हलकं काम करायचं नाही, भीक मागायची नाही, हा कुळाचा अभिमान. दागिने गेले, मग चांगली वस्त्रं, मग चांदीची भांडी, मग तांब्याची. सगळं विकून संपलं तेव्हा रानातला पाला आणि पाणी यावर दिवस काढले. शेवटी एका पवित्र तळ्यात जीव द्यायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आधी वडील जाणार होते. थकलेले, दिसेनासं झालेले शास्त्रीबुवा. त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकटी म्हणून रमाबाईंना जवळ घेतलं आणि तिला सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

त्यांच्या मनातला देव कोण होता हे आपल्याला माहीत आहे. तो आपण ज्याला प्रभू म्हणतो तो नव्हता. तरी हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाटतं, की त्या तळ्याकाठी एका हताश बापाने केलेली ती प्रार्थना ऐकली गेली.

ते तळ्यात उतरले नाहीत. भाऊ श्रीनिवास मध्ये पडला. आपण पडेल ते काम करू, पण जीव द्यायचा नाही, असं तो म्हणाला. पण त्याआधीच शरीरं संपत आली होती. वडिलांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. काही महिन्यांत आई अंथरुणाला खिळली. भाकरीच्या तुकड्यासाठी रमाबाई शेजारच्या बाईच्या दारात गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनेच चेहरा पाहून ओळखलं आणि भाकरी दिली. आईला ती खाता आली नाही. आई गेली तेव्हा तिला उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथा खांदा रमाबाईंचा. स्मशान काही मैल लांब. रमाबाई उंचीने ठेंगण्या, खांद्याला खांदा लागेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

थोरली बहीणही लवकरच गेली.

मग भाऊ-बहीण चालत निघाले. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाब, काश्मीर, पूर्वेकडे बंगाल, हजारो मैल, बहुतेक पायी. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घालायला पुरेसं नव्हतं तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं बाहेर ठेवून वाळू ओढून घेतली. रमाबाईंनी पुढे त्या खड्ड्यांना थडग्यांची उपमा दिली आहे. या वर्षांत त्यांचा जुना विश्वास गळून पडला. सांगितलेली सगळी व्रतं, यात्रा, दानं केली होती, हातचं काही राखलं नव्हतं, आणि देव दिसला नव्हता. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण साक्ष सांगताना आपण ही वर्षं चटकन उरकतो. विश्वास गमावल्यावरही त्या चालत राहिल्या. मागे वळून पाहताना देवाचा हात दिसला खरा, पण तो पुष्कळ नंतर. चालताना फक्त रस्ता होता.

१८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर एकदम सगळं बदललं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. सभा, व्याख्यानं, मानपत्रं. त्यात १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. आता माहेरचं कुणी उरलं नाही. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. तो वेगळ्या जातीचा, वेगळ्या प्रांताचा, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी वाळीत टाकण्यासारखंच. सिलचरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली, लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत. ती तिथे कशी आली कुणास ठाऊक. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने येऊन उत्पत्तीचे पहिले अध्याय समजावून दिले. रमाबाईंना ते आवडलं, नवऱ्याला फारसं रुचलं नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

चोवीस वर्षांची होण्याआधीच विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. त्या काळात या एका शब्दाचा अर्थ काय होता ते तुम्हाला माहीत आहे.

त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्येच आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि सांगितलं, की बायकांना बायका डॉक्टर हव्यात, मुलींना बायका शिक्षक हव्यात. स्वतः डॉक्टर व्हायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी १८८३ मध्ये त्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावात सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या सिस्टर्सनी त्यांना ठेवून घेतलं. सोबत गेलेली मैत्रीण तिथेच वारली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

सिस्टर्सनी एकदा त्यांना लंडनमधलं फुलहॅमचं काम पाहायला नेलं. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना तिथे आसरा देत. रमाबाई पाहतच राहिल्या. अशा बायकांशी कुणी मायेने बोलतं हेच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली बाई, आणि विहिरीवर बसून तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू. रमाबाईंनी इतकी शास्त्रं पाठ केली होती, पण अशा बाईशी असा बोलणारा कुणी त्यांना त्यात भेटला नव्हता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, हेही सांगते. सिस्टर्सशी त्यांची पत्रं वाचा, जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर वाद. त्रैक्यावर, मंडळीच्या अधिकारावर, मनोरमाला काय शिकवायचं यावर. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत. प्रश्न विचारले की विश्वास कमी पडतो असं ज्यांना कुणी सांगितलंय, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि मग कान.

रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, आणि ते वाढत चाललं होतं. डॉक्टरकी शिकणं शक्य नाही हे स्पष्ट झालं. ज्या एका गोष्टीसाठी समुद्र ओलांडला, लोकांचे शिव्याशाप घेतले, तीच बंद. त्यांना चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी संस्कृत शिकवलं आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र शिकल्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. नात्यातल्याच आनंदीबाई डॉक्टर झाल्या होत्या. तिथे बसून रमाबाईंना काय वाटलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करते. आपली मैत्रीण कॅम्पस इंटरव्ह्यूत निवडली जाते आणि आपण नाही, तेव्हाही पोटात काहीतरी होतं. इथे तर आपलं स्वप्नच दुसरीच्या अंगावर गाऊन घालून उभं होतं. रमाबाई टाळ्या वाजवायला गेल्या आणि अमेरिकेतच थांबल्या. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्या देशभर फिरल्या, बोलल्या, बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये काढलं. बोस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं. डॉक्टर होऊन परतल्या असत्या तर एक दवाखाना झाला असता. कदाचित तेही छानच झालं असतं. मला खरंच माहीत नाही.

इथे थोडं थांबते. तुमच्यातल्या एकीने मागे लिहिलं होतं, की वडिलांच्या मातीच्या दिवशी लोक येऊन सांगत होते, सगळं भल्यासाठीच असतं, देवाची योजना असते. तिला तेव्हा उठून जावंसं वाटलं. मला तिचं पटतं. रोम ८:२८ खरं आहे, पण ते फुलांच्या चक्रासारखं कुणाच्याही शवपेटीवर ठेवायचं नसतं. योसेफाचं बघा. भावांनी वाईट योजलं ते देवाने चांगल्यासाठी योजलं, हे उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात कोण म्हणतं? योसेफ स्वतः. कधी? खड्डा, गुलामी, तुरुंग सगळं होऊन वर्षं उलटल्यावर, आणि भाऊ समोर रडत असताना. भावांनी खड्ड्याच्या काठावर बसून हेच वाक्य त्याला ऐकवलं असतं तर? ते वाक्य ज्याच्यावर बेतलं त्याचं आहे. बाकीच्यांनी भाकरी न्यावी, आणि रमाबाईंच्या त्या शेजारणीसारखा चेहरा वाचावा.

त्यामुळे रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले ते मुक्ती मिशन उभं राहावं म्हणून, असं मी लिहिणार नाही. तसं त्यांनीही कधी मांडल्याचं मला दिसत नाही. त्यांनी जे केलं ते पौलाच्या आजच्या वचनांच्या जास्त जवळचं आहे. ते असं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींना शिकवायचं, त्यांच्या चालीरीती पाळू द्यायच्या, धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळातली रानडे, भांडारकरांसारखी मातब्बर माणसं बाजूला झाली, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं असं माझं मत. अट होती हे खरं, आणि आईच्या खोलीत प्रार्थना चालू असताना मुलांना दाराबाहेर उभं करता येत नाही हेही खरं.

या सगळ्याच्या जरा आधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या आत काहीतरी घडलं होतं. एका इंग्रज पाळकाची साक्ष वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती! नियम, मतं, पुरावे सगळं गोळा झालं होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तोच राहून गेला होता. त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्या दिसतात. ‘केसरी’चं वादळ त्यांनी कसं सोसलं असेल हे मला त्यावरून कळतं.

आता १८९६-९७. मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

बातम्या येत होत्या. रमाबाईंचं वय अडतीस, संस्था कशीबशी सावरलेली, पैसा मोजका. त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. पाला, तळं, तिरडी. दुष्काळात तरण्या मुलींचं काय होतं, त्यांना कोण उचलून नेतं, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः गेल्या. छावण्यांमधून, रस्त्यांवरून, झाडाखालून, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी गोळा केल्या, सुमारे तीनशे. सरकारी अधिकाऱ्याने तक्त्यात पाहिलेली भूक वेगळी. रमाबाईंनी मुलीचा चेहरा पाहिला की त्यांना कळायचं, हिला मागता येत नाहीये. ही ओळख त्यांना कुठल्याच कॉलेजात मिळाली नसती. आणि ती अशी मिळावी असं कुणी कुणासाठी मागणारही नाही.

मुली आणल्या तर पुण्यात प्लेग. शहरात इतक्या जणींना ठेवायला मनाई झाली. प्लेगच्या इस्पितळांत बायकांची कशी आबाळ होते यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, त्यावरून खुद्द गव्हर्नर चिडले. सहन करणं म्हणजे तोंड मिटून बसणं, असं त्यांनी कधीच मानलं नाही. पण मुलींना न्यायचं कुठे? अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबेल तेव्हा उत्पन्न हवं, म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी माळरान घेऊन ठेवलं होतं. फळं यायची होती, त्याआधी मुली आल्या. तंबू, झोपड्या, विहिरी. त्याला मुक्ती नाव मिळालं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आणल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. शाळा, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. आणि एक वेगळं घर, कृपा सदन, फुलहॅममध्ये पाहिलं तशाच बायकांसाठी. तेरा-चौदा वर्षं ते त्यांच्या मनात होतं.

कॉलेजात असताना आमच्या युथ ग्रुपची सहल केडगावला गेली होती. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडायची, तासा-दीड तासात स्टेशन. चर्च इतकं मोठं आहे की पहिल्यांदा पाहणारा विचारतोच, या गावात एवढं कशाला? दोन हजार जणी बसायच्या म्हणून. १९०५ मध्ये तिथे झालेल्या संजीवनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात आज शिरत नाही. मला तिथे जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं ते छापखान्याच्या गोष्टीपाशी.

झालं असं, की या मुलींपैकी बहुतेकींना तेव्हाचं मराठी बायबल कळेना. भाषा संस्कृतप्रचुर, पंडिती. आणि हे कुणाच्या लक्षात यावं? जिला संस्कृत आईच्या दुधासारखं मिळालं होतं तिच्या. रमाबाईंनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल नव्याने भाषांतर करायला बसल्या. दीड दशक ते काम चाललं. कान आता जवळजवळ गेलेच होते. ज्या बहिरेपणाने डॉक्टरकी हिरावली, त्याच शांततेत त्या शब्द घासत बसायच्या. जुळवणी, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. कधीकाळी झाडाखाली उचललेल्या मुली शिशाचे खिळे लावून पवित्र शास्त्र जुळवत होत्या.

भाषांतर म्हणून ते सगळीकडे सरस आहे असं मी म्हणणार नाही. काही वाक्यं मुळाला इतकी चिकटलेली आहेत की अडखळायला होतं. तरी एका स्त्रीने एकटीने संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून आपल्या मराठीत आणलं, हे मी युथ ग्रुपमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

मनोरमा शिकली, पदवीधर झाली, परदेशातून परत आली ती आईच्याच कामात. तिच्या हाती मुक्ती सोपवायची असं ठरल्यासारखं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती.

रमाबाईंचं वय तेव्हा त्रेसष्ट. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता सिलचरच्या घरापासून वाँटेज, बोस्टन, केडगावपर्यंत सगळीकडे सोबत आलेली, किंवा पत्रातून सोबत असलेली एकुलती एक मुलगी. मला इथे हेतूबद्दल काही लिहिता येत नाही. या वेळी सांत्वन दुसऱ्या बाजूने आलं असावं असं मात्र वाटतं. त्या माळरानावर शेकडो जणी होत्या ज्यांना आई गेल्याचं, लेकरू गेल्याचं दुःख रमाबाईंच्या हाताखालीच सोसता आलं होतं. आता त्या त्यांच्याभोवती होत्या. करिंथच्या लोकांना लिहिताना पौलही एकतर्फी बोलत नाही. दुःखातही वाटेकरी आणि सांत्वनातही, असं सातव्या वचनात आहे.

रमाबाई पुन्हा तपासण्याच्या कागदांपाशी बसल्या. जुना करार छापून व्हायचा होता. ५ एप्रिल १९२२ ला, मनोरमाच्या पाठोपाठ नवव्या महिन्यात, त्या गेल्या.

अख्खं बायबल बांधून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

उद्याचं वाचन : २ करिंथ १:८-११. आशियात असताना आपण जगण्याचीही आशा सोडली होती, हे पौल तिथे काही न लपवता सांगतो. शक्य असेल तर आज रात्रीच एकदा वाचून ठेवा.